आईनं वाचलेली कादंबरी

“पुस्तकातल्या माणसासाठी इतकं रडते काय वं कोणी?” चारुशीलाआत्यानं विचारलं आणि भावजयीच्या हातातला कांदा काढून घेतला. कांदा अजून चिरलेला नव्हता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं खापर त्याच्यावरही फोडता येत नव्हतं.

प्रेमिलानं पदरानं डोळे पुसले. “संपली ना ताई आता ती कादंबरी. होईल कमी.”

पण कमी होत नव्हतं. मंगळवारी ती लग्नासाठी फळं ठरवायला एकटीच कळमन्याच्या फळबाजारात गेली होती. अंधार पडताना परतली आणि तडक न्हाणीघरात शिरली. डोक्यावरून पाणी घेऊनच बाहेर आली. मार्केटात फार धूळ होती, म्हणाली. संत्र्यांचं ठरवणं राहूनच गेलं होतं. रिक्षात बसल्या बसल्या कादंबरी संपवली, शेवट फार वाईट आहे, असं तिनं सांगितलं आणि जी रडायला लागली ती थांबेचना. घरात शुक्रवारचं लग्न, आणि नवरीची आई सुतकी चेहऱ्यानं लाडू वळत होती.

नूपुरला याचा मनापासून त्रास होत होता. तिचं लग्न आधीच एकदा पुढे गेलं होतं. मागच्या वर्षी ऐन हळदीच्या तोंडावर पियुषचे आजोबा गेले, सूतक लागलं आणि हॉलपासून बँडपर्यंत सगळं रद्द करावं लागलं. आता पुढच्या आठवड्यात पियुष दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार होता. या खेपेला काही अडलं असतं तर त्याच्या घरच्यांनी पुन्हा थांबण्याची आशा नव्हती. मौद्याच्या आजीनं, प्रेमिलाच्या आईनं, तर फोनवरून सगळ्यांना दमच भरला होता, “पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत कोणी शिंकाचं बी नाही!”

मधुकररावांना बायकोच्या दुःखावर एकच औषध ठाऊक होतं. ते तर्री-पोहे घेऊन आले. प्रेमिलानं दोन घास खाल्ले आणि बशी सरकवली. आत्यानं टीव्हीवर विनोदी सिनेमा लावला, तो आत्यानंच पाहिला. शेवटी नूपुर मोबाइल घेऊन आईजवळ बसली.

“यात लिहिलंय, पुस्तकातल्या माणसाबद्दल कोणाशी तरी बोलायचं. मन हलकं होते. सांग, कोण मेलं?”

“एक बाई. म्हातारी.”

“कशानं?”

“काम करून राहिली होती. करता करता बाजूले कलंडली.”

“बस? म्हातारी बाई गेली, त्यात एवढं काय वं आई?”

प्रेमिला तिच्याकडे बघत राहिली. “तिले एक गोष्ट पाहाची होती. थोडक्यात राहिली.”

“आता काय, दिसते काय ती तुले?”

“दिसत नाही. ऐकू येते. बांगड्या वाजतात तिच्या, ओट्यापाशी.”

भर दुपारी नूपुरच्या अंगावर काटा आला. तिनं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. ओट्यावर नुसता कुकर होता.

गुरुवारी अंकुशमामा, प्रेमिलाचा धाकटा भाऊ, मौद्याहून हळद घेऊन आला. एकटाच.

“आजी?” नूपुरनं दारातच विचारलं.

“नाही आली, बेटा. मामी घरीच थांबली. पण हळद आजीनं आपल्या हातानं कुटली तुझ्यासाठी.”

“थांब, फोन लावते तिले.”

“नको,” मामा घाईनं म्हणाला. “निजू दे तिले.”

त्यानं डोक्याला मफलर गुंडाळला होता. तो जेवतानाही सुटला नाही. “नागपूरची थंडी मौद्याहून जास्त हाय काय गा?” आत्यानं चिमटा काढला. मामा नुसता हसला, तेही उशिरानं.

आत्यानं हळद चिमटीत घेऊन पाहिली. अर्धी मैद्यासारखी होती, अर्धी भरड. “म्हातारीचा हात असा नव्हता,” ती म्हणाली.

“उरलेली मी कुटली,” मामा म्हणाला.

प्रेमिलानं हळदीची वाटी नाकाशी नेली आणि तिला हुंदका फुटला. ती वाटी ठेवून आत पळाली.

“ते पुस्तक जाळून टाका एकदाचं!” आत्या ओरडली.

नूपुरनं जाळलं नाही. शुक्रवारी सकाळी तिनं आईच्या उशाखालून ती कादंबरी काढली आणि आपल्या पर्समध्ये कोंबली. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ते साधंसं पुस्तक होतं. निदान आजच्या दिवशी ते आईच्या डोळ्यांपुढे नको, एवढंच तिला हवं होतं.

उपाय लागू पडला म्हणायचा. मंगलाष्टकं चालू असताना गुलाबी फेटा बांधलेला मामा नवरीच्या पाठीशी उभा होता. शेवटच्या अक्षता पडल्या आणि नूपुरनं आईकडे पाहिलं. प्रेमिला वर मांडवाकडे बघत हात जोडून चक्क हसत होती. नूपुरचा जीव भांड्यात पडला. पाठवणीच्या वेळीही आईनं टिपूस काढलं नाही. लेकीच्या गालांवरून हात फिरवून ती म्हणाली, “जाय आता. सारं नीट झालं.”

गाडी सुरू झाली. ओढणी सारखी करताना नूपुरच्या पर्समधून पुस्तक घसरलं.

“लग्नात पुस्तक?” पियुषनं विचारलं.

“आईचं आहे. लय रडवते म्हणे.”

तिनं कव्हर काढलं. खाली चित्र होतं, ढेरपोट्या माणूस गाढवावर उलटा बसलेला. सुरुवातीच्याच एका पानाचा कोपरा दुमडला होता, पुढची पानं कोरी करकरीत होती. तिनं शेवटचं पान उघडलं. सगळी पात्रं एका पंगतीत बसून जिलेबी खात होती. पियुषनं चार ओळी वाचल्या आणि तो खो खो हसला.

नूपुरनं मागच्या काचेतून पाहिलं. हॉलच्या फाटकात आई जमिनीवर बसली होती. बाबा आणि आत्या तिच्याकडे धावत होते. तिच्या शेजारी उभा राहून अंकुशमामा फेटा उतरवत होता, आणि फेट्याखालचं त्याचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं.