दुभाषी बाईंचा घसा

दोन्ही देश आजोबांच्या वेळेपर्यंत एकच होते. वाटण्या झाल्यावर दोघांनी त्याच भाषेला दोन नवी नावं ठेवली, इतकाच काय तो फरक. तरी युद्धबंदीच्या बोलण्यांना दुभाषी हवाच, कारण समोरच्याचं बोलणं आपल्याला कळतं हे मान्य केलं तर नाक कापलं जाणार.

त्यामुळे दुभाषी बाईंचं काम मोठं मजेचं होतं. एक मंत्री जे बोलेल तेच त्या दुसऱ्याला जसंच्या तसं ऐकवायच्या. विनोद झाला तर दुसरा मंत्री ओठ घट्ट मिटून बसायचा आणि बाईंचं सांगून झालं की मगच पोट धरून हसायचा. बाईंची काही तक्रार नव्हती. धाकट्या बहिणीचा मुलगा आघाडीवर होता. तो धडधाकट घरी येणार असेल तर ही पोपटपंची जन्मभर करायची त्यांची तयारी होती.

शुक्रवारी एकदाचं जमत आलं. सह्यांआधीची शेवटची अट तेवढी वाचायची राहिली होती, आणि नेमका बाईंचा घसा बसला. तोंडातून नुसती हवा.

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, ताई," दोन्ही मंत्री एकदमच म्हणाले.

मग दोघंही ओशाळले आणि खाली मान घालून आपापले कागद आवरू लागले. दुभाषीच नाही म्हटल्यावर बैठक सोमवारवर गेली.

तोवर तोफा चालू ठेवायच्या, यावर मात्र दोघांचं दुभाषीशिवायच एकमत झालं.