पाचवी नोंद

कुंडलिकरावांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, बंद दाराकडे एकवार पाहून घेतले आणि पिशवीतून द्राक्षबागेच्या फवारणीची वही काढून डॉक्टरांपुढे ठेवली.

"मागनं उघडा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "फुडं बाग हाय."

दर तीन महिन्यांनी साखर तपासण्यासाठी ते कळंबहून बारामतीच्या या दवाखान्यात येत. आज मात्र साखरेचा कागद बाजूलाच पडून राहिला. वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने आखलेले रकाने होते: दिनांक, औषध, प्रमाण, हजर, गुण. बागेच्या नोंदीचे जे रकाने, तेच येथे उतरवलेले. फरक एवढाच, की पुढची सारी पाने पत्नी द्वारकाबाईंच्या वळणदार अक्षरात होती आणि हे एक पान कुंडलिकरावांच्या हातचे होते.

डॉक्टर वाचू लागले. पहिली नोंद, पुरुषी जोमाची गोळी सिल्डेनाफिल पन्नास, मटणाच्या जेवणावर. गुण नाही, डोके जड. दुसरी, टाडालाफिल दहा. गुण नाही, कंबर धरली. तिसरी, शेजारचे बागायतदार सर्जेराव यांनी दिलेली बिननावाची पुडी, जुलाब. चौथीवर येताच त्यांचा आवाज चढला.

"दोन्ही गोळ्या एकदम घेतल्यात?"

"भुरी आन् करपा, दोन्ही रोग संगट आलं म्हंजे आमी दोन औषधं एकाच टाकीत कालवतो की."

"ती टाकी आहे, कुंडलिकराव. हे काळीज आहे. पुन्हा असं केलंत तर माझ्याकडे यायलाही उरणार नाही. छातीत कधी दुखतं? जिभेखाली ठेवायची गोळी कुणी दिली आहे?"

"न्हाय. त्ये समदं धडधाकट हाय."

डॉक्टरांनी तरीही रक्तदाब मोजला, छाती तपासली, आणि मगच पुन्हा वही पुढे ओढली.

"दोन वर्सं झाली ह्या दुखन्याला. मला येकच सांगा," कुंडलिकराव म्हणाले. "ह्यातली जोराची कंची?"

"जोर दोघींचा जवळपास सारखाच. पहिली रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची. चार-पाच तास चालते. मटणावर घेतली की तिचा पाय जड होतो. दुसरीला जेवणाचं सोयरसुतक नाही, आणि ती दीड दिवस सोबत करते. ज्याला घड्याळाची धास्ती वाटते, त्याला दुसरी बरी. पण तुमचं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. गोळी घेतल्यावर तुम्ही काय करत होतात?"

"काय म्हंजे? वाट बगत बसायचो. पडवीत."

"एकटेच?"

"मग? औषध मारल्यावर बागंत कोन शिरतं व्हय? लाल फडकं बांधून बाजूला हुतो आमी. आधी गुन दिसू दे, मग जवळ जावं म्हनलं."

डॉक्टर हसले नाहीत. कुंडलिकरावांवर त्यांचे ते उपकारच झाले. "ही गोळी आपण होऊन काही करत नाही," ते म्हणाले. "ती वाट मोकळी करते, चालायचं तुम्हालाच असतं. आधी गुण आणि मग जवळ, असं नसतं. आधी जवळ. सोबत कोण आलंय?"

"मंडळी हाय भायेर. साखर बगायची म्हनून आनलंय."

"बोलवा त्यांना."

"तेवढं नगा सांगू, डॉक्टर. मान खाली जाईल माजी."

"आणि दोन वर्षं ती वर आहे का?"

कुंडलिकराव वहीच्या पुठ्ठ्यावरचा औषधाचा जुना डाग नखाने खरवडीत राहिले. गेल्या दिवाळीत द्वारकाबाईंनी आपले अंथरूण नातीच्या खोलीत नेले होते. का नेले, हे त्यांनी विचारले नव्हते. विचारले असते तर उत्तर स्वतःलाच द्यावे लागले असते. अखेर ते उठले आणि त्यांनी आपल्याच हाताने दार उघडले.

"अगं, जरा आत ये."

द्वारकाबाई पदर सावरीत येऊन बसल्या. कुंडलिकरावांनी वही तेवढी पुढे सरकवली, मागून उघडलेली. एकेका ओळीवर बोट ठेवीत त्या वाचू लागल्या. हजरच्या रकान्यापाशी बोट थबकले. एकटा. एकटा. एकटा. एकटा.

"मला वाटलं," वहीवरचे बोट न उचलता त्या म्हणाल्या, "मीच नगं झाले तुमास्नी."

"तसं न्हाय गं."

"त्ये दिसतंय की हितं लिवल्यालं." त्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा नेहमीचा स्वर परतला. "बागंला वाटीभर औषध मारायचं तरी माज्या हातनं लिवून घेता. आन् हितं चार डाव मारलं, मला पत्ता न्हाय! वर त्या सर्जेरावाची पुडी! त्याची बाग कवा धड आली व्हती?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दुसऱ्या गोळीचेच नाव लिहिले. साखर आटोक्यात ठेवा, पुडीबिडी बंद, महिन्याने दोघेही या, एवढे सांगून त्यांनी पेन टेबलावर ठेवले.

द्वारकाबाईंनी ते उचलले. चौथ्या नोंदीखाली त्यांनी एक सरळ रेघ ओढली. दिनांक मोकळा सोडला. चिठ्ठीत पाहून औषधाचे नाव उतरवले, प्रमाण उतरवले, आणि हजरच्या रकान्यात आपल्या वळणदार अक्षरात लिहिले: दोघं.

"आन् गुनाचा रकाना?" कुंडलिकरावांनी हळूच विचारले.

"ऱ्हाऊ द्या मोकळा," त्या वही मिटीत म्हणाल्या. "त्याची कसली घाई?"