घरी कोणी नाही

दार उघडलं तेव्हा सुकदेवच्या कडेवर त्याची नऊ महिन्यांची लेक होती. अंगणवाडीताईंनी त्याच्या मागे घरात डोकावून पाहिलं.

"आई कुठाय हिची?"

"कंपनीत. सहाला सुटते."

"दर खेपेला हेच! पोरीचं वजन घटत चाललंय आणि तुमच्या घरी बोलायला माणूस भेटत नाही." उभ्याउभ्याच ताईंनी रजिस्टर उघडलं आणि आधीच्या दोन नोंदींखाली तिसऱ्यांदा लिहिलं, 'घरी कोणी नाही.'

सुकदेवने ते वाचलं. "मी रात्रपाळीला असतो, ताई. दिवसभर हिला मीच बघतो. न्हाऊ घालतो, तुमच्या पाकिटातल्या पिठाची पेजही मीच भरवतो."

ताईंचं पेन थांबलं. त्यांनी चपला काढल्या. "कशी करता, दाखवा बघू."

त्याने लेकीला ताईंच्या मांडीवर दिलं, पातेलंभर पाणी उकळलं आणि त्यात मोजून एक चमचा पीठ सोडलं.

ताई त्या पांढुरक्या पाण्याकडे बघत राहिल्या. "रोज एवढंच पीठ?"

"रोज. जास्त झालं तर बाधेल, असं वाटायचं. विचारायला कोणी नव्हतं."