विसरभोळा

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी, लग्नाला आठ दिवस होतात न होतात तोच, तिचा बाप दवाखान्यात डॉक्टरसमोर दोन्ही हात पसरून बसला होता. वणवा विझवणाऱ्या टोळीत त्याने सतरा उन्हाळे हंगामी म्हणून काढले होते. ही तपासणी पार पडली की नोकरी कायम, आणि वर मुकादमी.

"डोळे मिटा. टोचलं की सांगा," डॉक्टर म्हणाला.

त्याने डोळे मिटले, पण पापण्यांची फट ठेवली. टाचणी बोटावर टेकलेली दिसली की तो "हं" म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी सोबत्याच्या अंगावरून पेटता ओंडका ढकलला, तेव्हापासून त्याचे दोन्ही हात मनगटाखाली मेले होते. कातडी भरून आली, जाण आली नाही. हे एकट्या बायकोला ठाऊक होतं. त्याने उकळत्या चहाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवलं, त्या दिवशी ती काय ते समजली.

"हात ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाला आणि त्याने कागदावर सही केली.

मुकादमाचं खरं काम आग विझल्यावर सुरू होतं. ज्वाळा आंधळ्यालाही कळतात. मुळांत शिरलेली आग कळत नाही. ती दोन-दोन दिवस जमिनीखालून चालते आणि वारा सुटला की भलतीकडेच डोकं काढते. म्हणून शेवटी मुकादम हातमोजा काढतो, एकेका बुंध्याशी उकिडवा बसतो आणि उघडा हात राखेत घालतो. गार लागलं की म्हणतो, "मेली." मग टोळी खाली उतरते.

नवा मुकादमही तसाच बसायचा, तसाच हात घालायचा. राखेचा रंग बघायचा, वास घ्यायचा. सतरा उन्हाळ्यांचा अनुभव काय फुकट जातो, असं स्वतःला बजावायचा आणि म्हणायचा, "मेली." त्या हंगामात नऊ वणवे विझवले. एकही पुन्हा उठला नाही. मोठे साहेब सगळ्या टोळ्यांसमोर म्हणाले, "हात असावा तर असा." हळूहळू त्याचाही त्यावर विश्वास बसला.

एकच गोष्ट त्याला खाली मान घालायला लावायची. जावयाला त्यानेच शब्द टाकून टोळीत घेतलं होतं. पोरगा राबायचा बैलासारखा, पण विसरभोळा. टोळी गाडीपाशी पोचली की याचा हात कमरेला जायचा. कधी पाण्याची बाटली वर राहिलेली, कधी टोपी. पुन्हा डोंगर चढायचा आणि तासाभराने कोपरापर्यंत राखेत माखून यायचा.

"काय रे, बाटली पुरून ठेवतोस की काय?" टोळी हसायची. "लग्नातून बायको तरी आठवणीने घरी नेलीस ना?"

तोही हसायचा. मुकादमाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दहाव्या वणव्याला तेच. मुकादम "मेली" म्हणाला, सगळे उतरले, आणि जावई गाडीच्या दारात थबकला.

"मामा, फावडं वर राहिलं."

घरी मुकादम त्याला अहो-जाहो करायचा, रानात अरे-तुरे. त्या दिवशी तो सगळ्यांदेखत ओरडला, "डोकं ठिकाणावर नसेल तर दुसरं काम बघ! उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, मामा. आजचं तेवढं आणतो."

जळालेल्या रानात एकट्याने जायचं नाही, हा टोळीचा पहिला नियम. मुळं आतून जळलेली असली तर उभं झाड वाऱ्याशिवाय, आवाजाशिवाय कोसळतं. मुकादमानेच हे पोरांना शिकवलं होतं. पण आग तर मेली होती. त्याने स्वतः सांगितलं होतं. त्याने पोराला जाऊ दिलं.

तास झाला, दीड तास झाला, तेव्हा सगळे वर गेले. झाड आडवं पडलं होतं. बुंध्याच्या खड्ड्यात मुळं अजून लाल होती. झाडाखालच्या पोराचा उजवा हात उघडा होता आणि त्याचा मोजा घडी करून खिशात ठेवला होता. फावडं कुठेच सापडलं नाही. ते खाली गाडीत, बाकाखाली होतं.

थोरली रडली नाही. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिने धरून बाजूला केला. आपला हात तिने किती घट्ट दाबलाय, ते त्याला कळलं नाही.

"ते काही विसरायचे नाहीत, बाबा," ती म्हणाली. "आईने मला सांगितलं होतं. मी त्यांना."

जावई वारला तो लग्नाला सात महिने व्हायला चार दिवस कमी असताना, दुपारी, मुकादम "मेली" म्हणाल्यानंतर तासाच्या आत.