पात्यावर ओरखडा नको

"पाठ उचलू नको, तेजू. पाठ आन् धार, दोन्ही दगडाला टेकली पायजेत."

तेजस्विनीने मान हलवली. विज्ञानात वर्गात पहिली आलेली मुलगी एका दगडापुढे घाम पुसत बसली होती. पण तिच्या आजोबांनी, भागूआबांनी आज स्वतःहून वस्तरा तिच्या हातात दिला होता! आजवर वस्तऱ्याच्या डब्यालाही हात लावू दिला नव्हता.

दोघे येडगावात हौशीरामनानांच्या ओट्यावर बसले होते. नाना आत, दाराजवळच्या खाटेवर. उजवी बाजू लकव्याने गेलेली. बरीच वर्षं ते थोरल्या मुलाकडे मंचरला होते, आजारपणानंतर गावी परतले. तेजूने त्यांना आज पहिल्यांदाच पाहिलं.

त्यांच्या नातवाचा, शौर्यचा, आज मंचरला साखरपुडा होता. गाडी दारात उभी होती. आणि नाना हटून बसले होते : दाढीचे असले खुंट घेऊन मी मांडवात येणार न्हाई. तुमी जा.

सलूनवाल्याला त्यांनी सकाळीच परत धाडलं होतं. ट्रिमर तर गालाजवळ येऊच दिला नाही. शेवटी सून अंजना स्वतः आबांकडे आली. "मामंजींनी तुमचंच नाव घेतलं, दादा. पण लई जपून. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. जरा जरी कापलं तरी रक्त थांबायचं नाय, म्हणालेत डॉक्टर."

म्हणून पात्यावर ओरखडा नको होता. ओरखडा धारेपर्यंत पोचला, की तिथे बारीक दाता पडतो. दाता कातडीत अडकतो. आबांनी तेजूला एवढंच सांगितलं होतं.

तिने दगडावर पाणी शिंपडलं. पातं आडवं ठेवलं, धार पुढे करून सरकवलं, पाठीवरून उलटवलं, परत आणलं. सर्र. सर्र. भारी वाटत होतं!

"पोरगी धार लावतीय का भाकरी थापतीय?" आतून नानांचा आवाज आला.

"नाना, भाकरी मला येतच नाही," तेजू म्हणाली. "हे तरी येऊ द्या!"

अंजना फिसकन हसली. गाडीवाल्याने हॉर्न दिला.

सर्र. सर्र. चर्र.

"थांब!" नाना ओरडले. "खडा हाय दगडावर."

आबांनाही तो आवाज जाणवला नव्हता. तेजूने बोटाचं पेर दगडावरून फिरवलं. खरंच, ओट्यावरच्या वाळूचा एक कण. पातं उन्हात तिरकं धरलं, तर केसासारखी एक रेघ. तिचा चेहरा उतरला.

"गेलं का, आबा?"

"न्हाई गेलं. दगड धू. आता ओट्यावर टेकवू नको, फडक्यावर ठेव. दाब देऊ नको, नुसत्या पात्याच्या वजनानं चालव."

तेजूने दगड दोनदा धुतला. फडक्यावर ठेवून पातं अलगद चालवलं. रेघ हळूहळू पुसट झाली, मग दिसेनाशी झाली. मऊ धोतराच्या तुकड्याने तिने पातं कोरडं केलं. आबांनी ते चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं, मनगटावरच्या केसांना लावून पाहिलं. केस आवाज न करता पडले.

"झाक," आबा म्हणाले. तेजूला उडीच मारावीशी वाटली.

आबा एसटीच्या वर्कशॉपला होते, तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांच्या अंगणात माणसं खांद्यावर टॉवेल टाकून ओळीने बसायची. आई अजून सांगते. हल्ली सगळे सलूनला जातात. बऱ्याच दिवसांनी वस्तरा बाहेर निघाला होता.

वस्तरा घेऊन आबा उंबऱ्यापाशी थबकले.

"आत ये की," नाना म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "ये, भागू."

आबा आत गेले. त्यांनी नानांच्या गालावर साबण चोळला. डाव्या अंगठ्याने कातडी ताणली आणि वस्तरा वरून खाली ओढला. अंजना कापूस घेऊन उभी होती. तेजूने श्वास धरून ठेवला होता. गाल झाले. हनुवटी झाली. गळ्यापाशी आले, तेव्हा नानांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. निळी शीर त्या पातळ कातडीखाली उडत होती. वस्तरा तिच्यावरून गेला.

रक्ताचा थेंब नाही. अंजनाने कोरडा कापूस ताटलीत ठेवला आणि मामंजींचं धुतलेलं धोतर आणायला पळाली.

नानांनी डावा हात गालावरून फिरवला. मग हनुवटीवरून, मग गळ्यावरून. बराच वेळ. डोळे भरून आले होते. म्हाताऱ्या माणसांना येतं असं, तेजूला वाटलं.

तिला राहवेना. "आबा, एवढं भारी तुम्हाला शिकवलं कोणी?"

आबा खाली मान घालून पातं पुसत राहिले. उत्तर नानांनी दिलं.

"शिकवतंय कोण? गावचा न्हावी मी व्हतो, पोरी. आन् तुमच्या बौद्धवाड्यातल्या एकाच्याबी गालाला मी कधी वस्तरा लावला न्हाई."