चौकटीतली पावती

शाळेच्या ग्रंथपालाला कसली आलीय परीक्षा, तेच मला कळेना. पोरांना पुस्तकं द्यायची नि परत घ्यायची! पण माझी नात मिर्ता म्हणाली, झाग्रेबला परीक्षकांसमोर पहिलीच्या पोरांना धडा द्यावा लागतो. "आजी, सरावापुरती तू पोर हो."

शाळेत मी जेमतेम दोन हिवाळे गेलेली, तरी बसले. रोज संध्याकाळी ती अक्षरांखाली बोट धरायची नि मी अडखळत वाचायची. आलुबुखार पिकले, त्यांची दारू गाळून झाली, बर्फसुद्धा वितळलं. परीक्षा काही येईना.

"काय गं, परीक्षक मेले की काय तुझे?"

"माझीच तयारी कच्ची आहे, आजी."

चुलीच्या वर तिनं चौकटीत एक कागद लावलाय. अर्ज पोचल्याची पावती, म्हणते. पावतीला कुणी चौकट करतं? काल पाव भाजता भाजता त्यावर सहज बोट ठेवलं. मिर्ता. शालेय ग्रंथपाल. परीक्षा उत्तीर्ण. खाली तारीख, आलुबुखार पिकायच्या आधीची.

संध्याकाळी टेबलाशी जाऊन बसले.

"चल, काढ पुस्तक. तुझी तयारी अजून फार कच्ची आहे."