अर्धवट राहिलेलं भांडण

प्रवेशाच्या रांगेत ढकलाढकली सुरू झाली तसा मी सवयीने ओरडलो, “दारात गर्दी नको, आत सरका!” पोरं निमूट सरकली. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला, आवाज अजून तोच आहे.

माझा नंबर आला. टेबलामागच्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, “काका, या वयात बी.ए. कशासाठी?”

“मॅडम, सकाळच्या गाडीत कॉलेजची पोरं वर्गातल्या विषयांवर तावातावाने भांडायची. मी तिकिटं फाडत ऐकायचो. भांडण ऐन रंगात यायचं आणि कॉलेजचा स्टॉप यायचा. ती उतरून जायची, मी बेल मारायचो. सगळं आयुष्य अर्धंच ऐकलंय. आता मीही इथेच उतरणार.”

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी वळून पाहिलं, हसणं थांबलं.

“एकदा दोन पोरी हमरीतुमरीवर आल्या. माणूस आधी बोलायला शिकला की गायला? एक म्हणाली, गायलाच. तान्हं बाळ शब्दाआधी सूरच लावतं. दुसरी काहीतरी जोरात म्हणाली, पण तोवर ती खाली उतरली होती.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

“ती दुसरी मीच, काका. मी म्हणाले होते, बाळ सूर लावतं ते काहीतरी सांगायचं असतं म्हणून. म्हणजे आधी बोलणंच.”

“मग शेवटी काय ठरलं?”

“अजून ठरलेलं नाही. मैत्रीण भेटली की आम्ही अजूनही भांडतो.”

“मग बरं झालं आलो,” मी म्हणालो. “कारण मॅडम, तुमचं चुकतंय.”